आठवणीतला डोह आणि समोरचा डोह

पत्र: आम्ही चिंचवडला राहतो. यजमानांचे मूळ गाव महाड तालुक्यात, काळ नदीच्या काठी आहे आणि दिवाळीला सगळे भाऊबंद तिथे जमतात. यंदा माझा चौदा वर्षांचा मुलगा, सोळा वर्षांचा पुतण्या आणि बारा वर्षांची भाची यांनी गावाखालच्या डोहात पोहायचा हट्ट धरला आहे. यजमान म्हणतात, "मी त्या डोहातच पोहायला शिकलो, त्यातला दगड न् दगड मला माहीत आहे." सासूबाई म्हणतात, "तो साती आसरांचा डोह आहे, पोरांना तिकडे फिरकू देऊ नका." मुलगा तीन वर्षे तलावात शिकवणीला जातो आणि चांगला पोहतो, पण नदी त्याने फक्त पुलावरून पाहिली आहे. मला स्वतःला पोहता येत नाही. मी नको म्हटले तर भित्री ठरते आणि हो म्हटले तर रात्रभर झोप लागत नाही. काय करू?

उत्तर:

ताई, निर्णय आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो. मुलांना डोहात जरूर उतरू द्या, पण गावी पोचल्याच्या पहिल्याच दिवशी नाही, आणि यजमानांनी तो डोह या वर्षीच्या पावसाळ्यानंतर स्वतः तपासल्याशिवाय तर मुळीच नाही. तुमच्या घरातले दोघेही आपापल्या जागी खरे बोलत आहेत. यजमानांना डोह माहीत आहे हे खरे आहे. फक्त त्यांना माहीत असलेला डोह पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा आहे.

सह्याद्रीतून कोकणात उतरणाऱ्या नद्या आखूड आणि उताराच्या आहेत. चार महिन्यांत त्यांतून जे पाणी जाते, ते माती वाहून नेते आणि त्याबरोबर माणसाला हलवता येणार नाहीत असे धोंडेही तळावरून लोटत नेते. एका हंगामात एखादी कपार गाळाने बुजते, पुढच्या हंगामात तिथेच दोन पुरुष खोल खड्डा पडतो. तुमच्या तालुक्याच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. २२ जुलै २०२१ रोजी त्या भागात जो पाऊस झाला, त्यात तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली आणि महाड शहर पाण्याखाली होते. त्या पुराने डोंगरांवरून किती माती आणि दगड नद्यांत आणून टाकले, हे तिथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. पुढे पुराचा धोका कमी व्हावा म्हणून महाडच्या आसपास नदीतला गाळ यंत्रांनी उपसण्यात आला. ज्या नदीच्या पात्रात एवढी उलथापालथ झाली, तिचा दगड न् दगड लहानपणापासून माहीत आहे, असे कोणालाच म्हणता येणार नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या गावच्या नदीत एक मोठा काळा खडक आहे, त्याला आम्ही सगळे हत्ती म्हणत असू. सातव्या वर्षापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंत मी त्या हत्तीच्या पाठीवरून पाण्यात उड्या मारल्या. एकोणिसाव्या वर्षी, पाऊस संपल्यावर नोव्हेंबरात, मी पळत जाऊन नेहमीच्याच जागेवरून उडी टाकली. पाणी वरून दरवर्षीसारखेच हिरवे आणि शांत दिसत होते. त्या पावसात वरच्या अंगाचा एक धोंडा घरंगळत येऊन बरोबर माझ्या उडीच्या जागी, पाण्याखाली चार-साडेचार फुटांवर बसला होता. उजव्या टाचेच्या हाडाचे दोन तुकडे झाले आणि मी तीन महिने अंथरुणात होतो. मी पाय खाली घेऊन उडी मारली होती, म्हणून आज हे लिहितो आहे. सूर मारला असता तर मान मोडली असती.

म्हणून यजमानांना असे सुचवा. पोचल्यानंतरच्या पहिल्या सकाळी त्यांनी मुलांना घरी ठेवून एकट्याने नव्हे, तर गावातल्या अशा माणसाला घेऊन डोहावर जावे, जो आजही त्या पाण्यात उतरतो. जाळे टाकणारा कोणी असेल, गुरे पाण्यावर नेणारा असेल. गावात ज्याला पट्टीचा पोहणारा म्हणतात तो माणूस या कामासाठी उपयोगाचा असेलच असे नाही. रोजचा राबता ज्याचा आहे तो हवा. सोबत बारा-पंधरा फुटांचा बांबू न्यावा आणि एका दोरीला दगड बांधून हातभर अंतरावर गाठी माराव्यात. उथळ बाजूने, पायांत जुने कापडी बूट घालून, बांबूने तळ चाचपत आत जावे आणि जिथे बांबू पुरत नाही तिथे गाठी मोजाव्यात. स्वच्छ पाण्याचा तळ नेहमी असतो त्यापेक्षा वर दिसतो. बारा फूट पाणी सरळ वरून पाहिले तर नऊ फुटांसारखे भासते आणि काठावरून तिरके पाहिले तर त्याहूनही उथळ, त्यामुळे कमरेइतके वाटलेले पाणी मुलाच्या गळ्याशी येते. डोळ्यांवर विसंबून मोजमाप करू नये, एवढ्यासाठीच बांबू.

त्या माणसाला आणखी काही गोष्टी विचाराव्या लागतील, ज्या यजमानांच्या लहानपणी नव्हत्या किंवा फार कमी होत्या. काठावर शेतीपंपाच्या मोटारी आहेत का आणि त्यांच्या वायरी पाण्यातून गेल्या आहेत का? नायलॉनची जुनी जाळी दगडांत अडकून पडली आहेत का? त्यात पाय गुंतला की चांगला पोहणाराही सुटत नाही. पात्रातून कोणी वाळू उपसली आहे का? वाळूच्या खड्ड्याची कड पायाखाली ढासळते आणि गुडघाभर पाण्यातून माणूस एकदम डोक्यावरच्या पाण्यात जातो. तारेने करंट सोडून मासे मारण्याचा बेकायदा प्रकार त्या बाजूला चालतो का, हेही स्पष्ट विचारावे. त्यात विचित्र वाटण्यासारखे काही नाही.

आता सासूबाईंबद्दल. साती आसरा या पाण्याच्या देवता आहेत आणि गावोगावी डोहाच्या, विहिरीच्या, पाणवठ्याच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड त्यांच्या नावाने पुजले जातात. त्या माणसाला ओढून नेतात, असे जुनी माणसे सांगतात. तुम्ही शहरात वाढलेल्या असाल तर हे ऐकून सोडून द्यावेसे वाटेल, पण कृपा करून तसे करू नका. माझ्या अनुभवात आसरांचे नाव उगाच कोणत्याही पाण्याला चिकटत नाही. ज्या पाण्याने माणसे घेतलेली असतात, त्याच पाण्याला ते चिकटते. गावाने ती नोंद वहीत ठेवली नाही, देवतेच्या नावाने ठेवली. तेव्हा संध्याकाळी सासूबाईंजवळ बसा आणि वाद न घालता विचारा: कोण गेले, कोणत्या महिन्यात, डोहाच्या कोणत्या बाजूला, पोहायला उतरले होते की कपडे धुताना पाय घसरला, काढायला गेलेलेही गेले का? माझ्या गावी माझ्या आजीने याच प्रश्नांना दिलेल्या उत्तरांतून मला एवढे कळले की आमच्या डोहात गेलेली तिन्ही माणसे एकाच जागी गेली होती. जिथे पाणी डोहातून बाहेर पडताना दोन खडकांमध्ये निमुळते होते, ती ही जागा. ज्यांना मी पोहायला शिकवले, त्यांना मी ती जागा सगळ्यात आधी दाखवली.

ही जागा प्रत्येक डोहाला असते. डोहाचा मधला भाग शांत दिसतो, पण डोह हे थांबलेले पाणी नाही. एका टोकाने पाणी पडते आणि दुसऱ्या टोकाने निघून जाते. पाणी पडते तिथे पांढरा फेस असतो आणि फेसात हवा मिसळलेली असल्यामुळे ते पाणी अंगाला पुरेसे उचलून धरत नाही. हातपाय मारूनही माणूस खाली जातो, शिवाय पडणाऱ्या धारेखालचा भोवरा त्याला परत धारेकडेच ओढतो. पाणी निघते तिथे पात्र अरुंद होऊन वेग वाढतो, आणि वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. मांडीभर पाण्यातही तिथे उभे राहणे धोक्याचे असते, कारण पाऊल दगडांच्या फटीत अडकले की मागचा रेटा माणसाला पुढे वाकवून पाण्याखाली दाबून ठेवतो. मुलांना सांगा, ओढ लागली तर उभे राहण्याचा प्रयत्न करायचा नाही. पाठीवर व्हायचे, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेला आणि वर ठेवायचे आणि तिरके काठाकडे सरकत राहायचे. फेसाची बाजू आणि निघण्याची बाजू, दोन्हींपासून निदान वीस-पंचवीस पावले आत मुलांची हद्द ठरवा आणि ती काठावरच्या झाडाने किंवा खडकाने दाखवून द्या, म्हणजे मग "इथपर्यंत चालेल का?" असा वाद उरत नाही.

तुमच्या मुलाच्या तलावातल्या शिक्षणाला मी कमी लेखत नाही. श्वास, हात, पाय यांची सवय तिथेच लागते. पण तलावात दर पंचवीस मीटरला भिंत असते, तळाच्या रेघा दिसतात आणि काठावर जीवरक्षक असतो. नदीत यातले काहीच नाही आणि चांगला पोहणारा मुलगा पहिल्यांदा घाबरतो तो तळ दिसेनासा झाला की. दिवाळीपूर्वी चिंचवडलाच त्याची एक तयारी करून घ्या. शिक्षकांची परवानगी काढून त्याला टी-शर्ट आणि अर्धी चड्डी घालून खोल बाजूला उतरवा. काठाला किंवा दोरीला हात न लावता त्याने दहा मिनिटे पाण्यावर राहावे, त्यातली पाच उभ्याने आणि पाच पाठीवर. नंतर त्याला गॉगल काढून, डोळे मिटून थोडे अंतर पोहायला सांगा. हे शांतपणे जमले तर तो डोहाच्या मधल्या भागासाठी तयार आहे असे मी समजेन. किती फेऱ्या मारतो, याला माझ्या लेखी फारसे महत्त्व नाही. पुतण्याची आणि भाचीचीही हीच परीक्षा घ्या आणि भाची मुलगी म्हणून तिला काठावर बसवून ठेवू नका. ज्याला हे जमणार नाही त्याने अंगाला घट्ट बसणारे, पट्टे आवळलेले लाइफ जॅकेट घालून उथळ बाजूलाच राहायचे. पूर्वी आम्ही पाठीला सुकवलेला भोपळा नाहीतर पांगाऱ्याचे ओंडके बांधून शिकलो, पण आज जॅकेट मिळत असताना तो प्रयोग करण्याचे कारण नाही. हवेने फुगवायची खेळण्यातली चाके तर नकोच. ती उलटतात आणि पोहता न येणाऱ्या मुलाला खोल पाण्यात नेऊन सोडतात.

वेळेबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण ते महत्त्वाचे आहे. दिवाळी कधी ऑक्टोबरच्या मध्यात येते, कधी नोव्हेंबरच्या, आणि नदीच्या दृष्टीने या दोन दिवाळ्या अगदी वेगळ्या आहेत. ऑक्टोबरात परतीचा पाऊस असतो. सकाळ लख्ख असते आणि दुपारनंतर घाटमाथ्यावर ढग गडगडतात. तुमच्या गावात थेंब पडलेला नसताना वर कोसळलेले पाणी तास-दोन तासांत डोहापर्यंत येते. म्हणून पोहणे सकाळी, ऊन पाण्यावर आल्यानंतर, आणि दुपारच्या आत संपवावे. पाण्यात हात कोपरापर्यंत घालून बोटे दिसत नसतील तर त्या दिवशी उतरू नये. पोहत असताना पाणी अचानक गढूळ झाले, काटक्या आणि पाने वाहून येऊ लागली किंवा काठावर खूण म्हणून ठेवलेला दगड भिजला, तर कोणतीही चर्चा न करता सगळ्यांनी बाहेर यायचे. नदीवर वरच्या बाजूला बंधारा किंवा धरण असेल तर पाणी कधी सोडतात, हे ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

एक गोष्ट खास तुमच्या भागासाठी. काळ नदी पुढे महाडजवळ सावित्रीला मिळते आणि महाडच्या सावित्रीत मगरी आहेत, तशाच त्या चिपळूणच्या वाशिष्ठीत आणि सांगलीच्या कृष्णेतही आहेत. गाव वरच्या अंगाला असेल तर चिंता कमी, पण मगरीच्या वावराबद्दल स्थानिकांना विचारल्याशिवाय राहू नका. औद्योगिक वसाहतीच्या खालच्या बाजूच्या पाण्यात तर कोणत्याही ऋतूत उतरू नका. काळ नदीवरच वाळण कोंड नावाचा डोह आहे. तिथले मोठे मासे देवीचे म्हणून पिढ्यान्पिढ्या कोणी मारत नाही आणि म्हणूनच ते टिकले आहेत. तुमच्या गावचा डोहही असा राखलेला असेल तर तिथे पोहणे चालते का, हे आधी विचारावे आणि नको म्हटले तर दुसरी जागा पाहावी. साबण, शांपू, पाकिटे पाण्याजवळ नेऊ नयेत. खालच्या वस्तीतल्या बायका तेच पाणी भरत असतात.

उड्यांबद्दल माझा नियम कडक आहे. सूर कोणीही, कधीही मारायचा नाही, डोह किती खोल आहे हे मोजले असले तरी नाही. मुटका किंवा सरळ पायांवर उडी फक्त मोजलेल्या जागी, ज्यावरून यजमानांनी त्याच दिवशी आधी स्वतः पाण्यात उतरून खालचा तळ पायांनी चाचपला आहे अशाच खडकावरून, आणि एका वेळी एकानेच. फोटोसाठी शेवाळलेल्या खडकावर चढायचे नाही. मद्य घेतलेला कोणीही मोठा माणूस मुलांबरोबर पाण्यात किंवा देखरेखीवर नको. दिवाळीत पाहुण्यांमुळे हा प्रश्न येतो, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

आता तुमच्या कामाकडे येतो. तुम्ही लिहिले आहे की तुम्हाला पोहता येत नाही, जणू त्यामुळे तिथे तुमचा काही उपयोग नाही. मला उलट वाटते. नदीत बुडण्याच्या बातम्या तुम्ही वाचता, त्यांत अनेकदा एकाच घरातली तीन-चार माणसे असतात. एक घसरतो, त्याला काढायला भाऊ जातो, त्याला काढायला बाप. बुडणारा माणूस हाती येईल त्याला खाली दाबून वर येऊ पाहतो आणि त्यावर माया किंवा पोहण्याचे कौशल्य यांपैकी कशाचाच इलाज चालत नाही. काठावर असे एक माणूस लागते, जे पाण्यात उडी मारणार नाही. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घ्या, त्यात दोन बोटे पाणी राहू द्या म्हणजे तो वाऱ्याने भरकटत नाही आणि लांब जातो, झाकण घट्ट लावा आणि मुठीला पंधरा मीटर जाड दोरी बांधा. दोरीच्या दुसऱ्या टोकाला मोठी गाठ मारून ती पायाखाली दाबा. घराच्या अंगणात पुतण्याला दहा पावलांवर उभे करून दहा वेळा फेकून पाहा. कॅन त्याच्या डोक्यावरून पलीकडे पडला पाहिजे आणि दोरी त्याच्या खांद्यावर. पहिल्या तीन वेळा तो वाकडा जाईल, पण आठव्या वेळेपर्यंत हात बसतो. कॅन नसेल तेव्हा साडी, बांबू, फांदी, जे असेल ते पुढे करायचे आणि स्वतः काठावर आडवे पडून ओढायचे.

एवढे मात्र लक्षात ठेवा, की बुडणारे मूल ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर, मान मागे, हात बाजूंना खाली दाबलेले आणि डोळे कुठेच न पाहणारे, एवढेच दिसते, आणि ते अर्ध्या-एक मिनिटात संपते. म्हणून डोहावर असताना फोन पिशवीत राहू द्या आणि मनातल्या मनात सतत तीन डोकी मोजत राहा. देखरेख सोडायची वेळ आली तर "आता तुम्ही बघा" असे शब्दांत सांगून, समोरच्याने "हो" म्हटल्यावरच उठायचे. सगळेच बघत आहेत असे वाटते, तेव्हा बहुतेक कोणीच बघत नसते.

कोणाला बेशुद्ध बाहेर काढावे लागले तर उलटे धरून गरगर फिरवणे आणि पोट दाबून पाणी काढणे हे दोन्ही करू नका, त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास चालू नसेल तर आधी पाच वेळा तोंडाने श्वास द्यायचा, मग छातीच्या मधोमध तीस दाब आणि दोन श्वास, हेच चक्र मदत येईपर्यंत. दुसऱ्याने त्याच वेळी ११२ किंवा १०८ ला फोन करायचा. मूल उठून बसले, बोलू लागले, तरी त्याला रुग्णालयात दाखवायचेच, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. हे दाब देण्याचे तंत्र मात्र वाचून येत नाही. तुम्ही आणि यजमान दोघांनी एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या, पुण्यात अशी प्रशिक्षणे होत असतात.

पोहून आल्यावर पायांच्या जखमा धुवा, आणि ज्याच्या पायाला आधीच जखम आहे त्याने उतरू नये. गुरांच्या आणि उंदरांच्या मूत्रातून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिस अशा जखमेतून शिरतो. परत आल्यावर महिनाभरात ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले तर डॉक्टरांना नदीत पोहल्याचे आवर्जून सांगा, नाहीतर ते साधा ताप समजतील.

राहिला प्रश्न भित्रे ठरण्याचा. यजमानांशी "जाऊ द्यायचे की नाही" यावर बोलूच नका. त्यांना म्हणा, "तुमचा डोह मला दाखवा, पोरांच्या आधी." ज्या माणसाचे त्या पाण्यावर प्रेम आहे, तो या मागणीला नाही म्हणणार नाही, आणि बांबू हातात घेऊन तळ चाचपताना आपला डोह किती बदलला आहे, हे त्यांचे त्यांनाच कळेल. त्या सकाळी सासूबाईंनाही घेऊन जा. त्यांचे गुडघे उतरणीला साथ देत नसतील तर वरच्या पायवाटेवर त्यांना खुर्ची द्या आणि जिथून पाणी निघते ती जागा त्यांना हाताने दाखवायला सांगा.